बंदरासमोरच्या खुर्च्या

१

दुकानात नवं चित्र आलं की दादा आधी ते उलटं करतो. पुढची बाजू कुणीही रंगवू शकतं, पाठ खोटं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. मग भिंग घेऊन तो त्या मळक्या कापडात डोकं घालून बसतो आणि मी ताटं झाकून ठेवते. नवरा गेल्यावर मी थोरल्या भावाकडे राहायला आले तेव्हापासून हे असंच चालू आहे. खाली दुकान, वर आम्ही दोघं. तो मला अजून ‘छोटी’ म्हणतो. माझ्या गुडघ्यांना ते पटत नाही.

आमचा धंदा जुनी चित्रं विकण्याचा आणि फ्रेमा करण्याचा. त्यात वडिलांपासून चालत आलेला एक नियम आहे. विकायचं चित्र आपण भिंतीवर टांगायचं नाही. भिंतीकडे तोंड करून जमिनीवर उभं ठेवायचं. एकदा खिळ्याला लागलं की ते आपलं होतं आणि मग हातून सुटत नाही, असं वडील म्हणायचे. मला वाटायचं, ते मनाच्या ओढीबद्दल बोलताहेत.

त्या बंदराच्या चित्राच्या बाबतीत हा नियम मोडला तो एका दातांच्या डॉक्टरांपायी. त्यांना नव्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत लावायला मोठं चित्र हवं होतं. नाहीतर पेशंट एकमेकांच्या सुजलेल्या गालांकडे बघत बसतात, म्हणाले. चित्र पसंत पडलं, पण डॉक्टर पूर्वी एकदा नकली चित्रावर फसलेले. त्यामुळे त्यांना चित्राची साखळी हवी होती. साखळी म्हणजे ते रंगवल्यापासून आजपर्यंत कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेलं, त्याची नोंद. मधली एकही कडी तुटलेली चालणार नव्हती. शिवाय चित्र उजेडात टांगलेलं कसं दिसतं तेही बघायचं होतं.

दादा आधी नाही म्हणाला, मग कुरकुरला, मग हातोडी शोधायला लागला. दुकानात रिकामी भिंत नव्हती, म्हणून चित्र वरच्या पुढच्या खोलीत लागलं. आमच्या जेवणाच्या टेबलासमोर. पडदे धुतल्याशिवाय डॉक्टरांना वर आणू नकोस, एवढंच मी सांगितलं होतं. तेही त्याने ऐकलं नाही.

२

चित्र दोन माणसांनी उचलावं एवढं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, हे दादाने कापडाच्या विणीवरून, कापड विकणाऱ्याच्या पुसट शिक्क्यावरून आणि चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरांवरून ठरवलं होतं. सही नव्हती. मागे एका जहाज कंपनीचा डाग दिलेला होता, गुरांना देतात तसा, लाकडात जाळलेला.

मी आयुष्यभर चित्रांच्या पाठीच पुसत आले. हे चित्र पुढून नीट बघितलं ते त्या दिवशी, डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून. धुराची जहाजं, शिडांची जहाजं, पिंपं, दोरांची वेटोळी, पाठीवर पोती घेतलेले हमाल, टोपल्यांवर वाकलेल्या बायका, जकातीचा जाडा माणूस, एक घोडा बिथरलेला. पाऊल ठेवायला जागा नाही. फक्त सगळ्यात पुढे, आपल्याकडे येणारा दगडी धक्का मोकळा. सगळी गर्दी त्याला वळसा घालून जात होती.

डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “गजबज छान आहे. पण यात जाणारं कुणीच नाही.”

“म्हणजे?” दादाने विचारलं.

“सगळे काम करणारे आहेत. प्रवासी कुठे आहेत?”

दादा वैतागला. चित्रकाराचा रंग संपला असेल, म्हणाला. डॉक्टर हसले. साखळी पूर्ण झाली की चित्र नेतो, असं सांगून गेले.

साखळी शोधायला दादाने मला पाठवलं. तो स्वतः लोकांशी असा बोलतो की त्यांना वाटतं, घरावर धाड पडली आहे. मी चहा घेते, गुडघ्यांची चौकशी करते, आणि लोक सांगतात.

३

दादाला हे चित्र एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी विकलं होतं. मी गेले तेव्हा त्या मशीनवर होत्या आणि उठल्या नाहीत. खोलीभर ब्लाउज, परकर, कापडाचे तुकडे. समोरच्या भिंतीवर, चित्र होतं तिथे, एक फिकट चौकोन उरला होता.

मी विचारलं, चित्र घेतलं कुणी होतं. नवऱ्याने, म्हणाल्या, तोही टेलरच. एका हेडमास्तरांच्या घरून. मी म्हटलं, मग त्यांच्याशी जरा बोलता येईल का?

“बाहेर गेलेत,” त्या म्हणाल्या आणि मशीन सुरू केलं.

मी थांबते म्हटलं. तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कापडावर चहा सांडलाय. मग सगळं भडाभडा बाहेर पडलं. चित्र लावल्यापासून तो माणूस त्याच्यासमोरून हलत नव्हता. कामावर जायचं नाही, हाक मारली तर ‘हो’ म्हणायचं आणि बसून राहायचं. घरात, पायांत बूट. शेवटी त्यांनीच आमच्या दादाला बोलावून चित्र विकून टाकलं. चित्र गेलं की हा उठेल, असा त्यांचा हिशेब. दादा हमालांकडून चित्र उचलवून जिना उतरला, त्या दार लावून वळल्या, तर नवरा नाही.

“रागावून गेला असेल, असं समजले. बाईबरोबर पळाला असता तरी समजले असते. पण खुर्ची घेऊन कोण पळतं हो? माझी खुर्ची. ठिगळांची गादी मी स्वतः शिवली होती तिच्यावर.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. वैताग होता, नुसता. भाजी आणायला गेलेला माणूस उशीर करतोय म्हणून यावा तसा. मला तो बघवेना. निघताना त्यांनी मला विचारलं की मी दुकानाकडेच चाललेय ना. मी हो म्हटलं. त्या काहीतरी सांगणार होत्या, पण मग सुई ओवायला लागल्या.

४

घरी आले तर दादा चित्रासमोर खुर्ची टाकून बसलेला. जेवणाचं टेबल त्याने भिंतीला सरकवलं होतं. म्हटलं, दुकान कुणी उघडायचं? तो म्हणाला, उघडतो. संध्याकाळी बंद करायची वेळ झाली तरी तो ‘उघडतो’च म्हणत होता.

शिवणवाल्या बाईंची गोष्ट सांगितली. त्याने ऐकली की नाही कोण जाणे. चित्राचा अभ्यास करतोय, म्हणाला. मी म्हटलं, तू तर पाठीचा अभ्यास करतोस, आता पाठ भिंतीकडे आहे. त्यावर तो थोडा हसला, आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने सकाळीच दाढी केली. बाहेर जायचा कोट घातला, बूट घातले, कापडी पिशवी भरून पायाशी ठेवली आणि येऊन खुर्चीत बसला. मी विचारलं, कुठे निघालास. कुठे नाही. मग बूट काढ, मी फरशी पुसलीय. त्याने काढले नाहीत. दादा असा कधीच नव्हता. चिडखोर होता, पण माझ्या पुसलेल्या फरशीचा त्याला धाक होता.

आणि त्याच्या शेजारी आणखी एक खुर्ची होती. आरामखुर्ची, वेताची, पाठीला भोक पडलेली. आमची नव्हे.

आता ही कुठून उचलून आणली, असं मी विचारलं. दादाने वळून बघितलं, तोंड किंचित वाकडं केलं आणि आपली खुर्ची थोडी बाजूला घेतली. बसमध्ये कुणी शेजारी बसायला आलं की आपण अंग चोरतो, तसं.

५

हेडमास्तरांचं घर गावाबाहेर होतं. दार त्यांच्या सुनेने उघडलं. शांत बाई, हातात ओलं फडकं. चित्राचं नाव काढताच त्यांनी आत एकदा बघितलं आणि दार मागे ओढून घेतलं. आम्ही पायरीवरच बोललो.

सासरे निवृत्त झाल्यावर कुठल्याशा वृद्ध बाईंकडून ते चित्र घेऊन आले होते. ती बाई आता मुलीजवळ असते, मुलीचा फोन नंबर आहे, तो देते, म्हणाल्या. मग स्वतःच दुरुस्त केलं. ती बाई नाही, तिची मुलगीच. आई तर नव्हतीच तेव्हा.

“वारली होती?”

“तसं म्हणता येणार नाही,” त्या म्हणाल्या.

मी आणखी विचारायला नको होतं, पण साखळी पुरी करायची होती. सासऱ्यांना भेटता येईल का, म्हटलं. त्यांनी फडकं पिळलं, ते आधीच पिळलेलं होतं. सासरे चित्रासमोर बसून बसून इतके बधिर झाले होते की त्यांना घास भरवावा लागे. मीच मागे लागले, म्हणाल्या, विका ते. त्यांच्या मुलाने ऐकलं. ते टेलर येऊन चित्र घेऊन गेले आणि त्याच दुपारपासून सासरे नाहीत. पोलिसांत दिलं, विहिरी बघितल्या, नातेवाइकांना विचारलं. ज्यांना आधाराशिवाय दोन पावलं टाकता येत नव्हती, ते गेले कुठे?

मी सहज विचारलं, बसायचे कशावर?

“वेताच्या आरामखुर्चीवर,” त्या म्हणाल्या. “तीही नाही. भंगारवाल्याने नेली असेल त्या गडबडीत. तेवढंही कुणी लक्ष दिलं नाही या घरात.”

परतताना मी स्वतःची समजूत घालत होते. वेताच्या आरामखुर्च्या काय, दर दुसऱ्या घरात असतात. पाठीला भोकही पडतंच. म्हातारी माणसं घर सोडून जातात, नवरे पळतात, सुना आणि बायका वैतागतात. यात चित्राचा काय संबंध? पण मी बसच्या थांब्यावर उभी होते आणि तिथल्या बाकावर बसायला मला नको वाटत होतं.

६

घरी तिसरी खुर्ची आली होती. सरळ पाठीची, लाकडी, वर गादी. मला खरंच रडू फुटायच्या बेतात होतं, म्हणून मी भांडायला बाहेर पडले.

आमच्या शेजारी जुन्या फर्निचरचं दुकान आहे. मी तिथे जाऊन त्या माणसाला सांगितलं की माझ्या भावाची तब्येत बरी नाही, त्याला कृपा करून काही विकू नका, आमच्याकडे खुर्च्या ठेवायला जागा नाही. तो म्हणाला, तुमचे दादा माझ्या दुकानात आलेत कधी? ते तर मला रस्ता अडवतो म्हणून शिव्या घालतात. मी म्हटलं, मग खुर्च्या येतात कुठून. त्याने खांदे उडवले. मी गेल्यावर तो नक्की हसला असणार.

वर आले. दादाच्या पाठीचं दुखणं एवढं की तो तेलाचा डबासुद्धा जिन्याने वर आणत नाही. खुर्ची आणणार कशी? मी ती खाली न्यायची ठरवली. धरून उचलली तर ती उचलली जाईना. फार जड होती, अशातला भाग नाही. कुणी बसलेलं असताना खुर्ची उचलायला गेलं की कशी होते, तशी.

मी हात सोडले. गादीकडे बघितलं. ती ठिगळांची होती. ब्लाउजचे, परकरांचे तुकडे, अगदी बारीक टाक्याने जोडलेले. मधोमध दबलेली होती, आणि मी बघत असताना ती फुगून वर आली नाही.

दादा चित्राकडेच बघत होता. मला म्हणाला, “छोटी, समोरून बाजूला हो. त्यांना दिसत नाही.”

७

हेडमास्तरांच्या सुनेने दिलेल्या त्या मुलीच्या नंबरवर फोन केला तो साखळीसाठी नव्हे. तरी मी साखळीबद्दलच विचारलं, कारण दुसरं काय विचारायचं ते सुचेना.

फोनवर आलेली बाई खूप म्हातारी होती. आवाज गोड. तिने मला ‘बाळ’ म्हटलं. चित्र तिच्या आईने घेतलं होतं, जहाज कंपनीचं ऑफिस बंद झालं तेव्हा. उतारू जिथे जहाजाची वाट बघत बसायचे त्या मोठ्या खोलीत ते पहिल्यापासून होतं, चित्रकाराने तिथेच बसून रंगवलं म्हणतात. झाली साखळी पूर्ण. कंपनी, आई, मुलगी, हेडमास्तर, टेलर, आणि आम्ही.

मी आभार मानले. ती म्हणाली, “आईला उजव्या कानाने ऐकू येत नाही हं. तिच्याशी डावीकडून बोल.”

मी म्हटलं, आजी, तुमच्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली असतील ना?

“गेली कुठे? जायचंच तर होतं तिला,” ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला, किरकिरा झाला, लहान मुलीसारखा. “मला म्हणाली, पाच मिनिटं बस, मी आलेच. अजून तेच. मी शेवटी विकून टाकलं.”

मग कुणीतरी तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि, त्यांचं वय झालंय, काही मनावर घेऊ नका, असं मला सांगितलं. मी काही मनावर घेणार नव्हतेच. फोन ठेवला आणि पुढच्या खोलीत गेले. दादाच्या रांगेत, सगळ्यात टोकाला, पियानोसमोर ठेवतात तसलं गोल स्टूल होतं.

त्या दिवशी मी दादासमोर जमिनीवर बसले. चित्राच्या आड येणार नाही अशी, खाली. त्याचा हात धरला. हात गरम होता, नेहमीसारखा खरखरीत, नखांत सरस. मी विचारलं, “दादा, तू जाणार आहेस का?”

“मी कुठे जाणार? जायचं असतं तर एवढा वेळ बसलो असतो का?”

“मग ऊठ. माझ्यासाठी ऊठ.”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी ओळखीची आहे, पण नाव आठवत नाही, असं. “गर्दी आहे ग,” तो म्हणाला. “उठलो तर जागा जाईल.”

मला त्याचा इतका राग आला. खरं सांगायचं तर त्या सगळ्यांचा आला. आयुष्यभर मी या माणसाच्या जेवणावर झाकणं ठेवली, आणि आता त्याला जागेची काळजी.

८

मी डॉक्टरांना फोन करून चित्र न्यायला सांगितलं. दादाला तिथून उठवायचा दुसरा मार्ग मला दिसत नव्हता. पण मी त्या बायांसारखी गाफील राहणार नव्हते. चित्र खिळ्यावरून निघेल तेव्हा दादा त्याच्यासमोर नसेल, हे मी बघणार होते.

आमच्या स्वयंपाकघराला एकच दार आहे, आणि खिडकीला गज. सकाळी मी दादाला तिथे न्यायला गेले. तो खुर्ची सोडेना. तेव्हा मी त्याला खुर्चीसकट ओढत नेलं, फरशीवर दोन लांब ओरखडे काढत. तो मान वळवून मागे बघत राहिला. मी त्याला ओट्याशी बसवलं, पिशवी मांडीवर दिली, कारण ती तो मागत होता. चहा दिला. दार बाहेरून लावलं, कडी घातली, आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले.

डॉक्टर दोन हमाल घेऊन आले. खोलीतल्या खुर्च्या बघून म्हणाले, वा, तुम्ही तर इथेच माझी बाहेरची खोली करून टाकलीत. मी म्हटलं, घ्या लवकर. दादांना भेटून जातो, म्हणाले. मी म्हटलं, आंघोळ चाललीय.

हमालांनी चित्र खिळ्यावरून काढलं. माझ्या पाठीमागे दार होतं, कडी होती, सगळं जागच्या जागी. त्यांनी चित्र आडवं केलं, जिन्याकडे वळवलं. पहिल्या पायरीवर एक हमाल म्हणाला, “जड आहे हो फार.” दुसरा म्हणाला, “आत्ताच झालं.”

मग मला स्वयंपाकघरातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एकदाच. माणूस घाईने उठतो, गाडी सुटायला लागली की, तसा.

मी कडी काढेपर्यंत किती वेळ गेला असेल? कपातून वाफ येत होती. खिडकीचे गज होते तसे होते. दादा नव्हता. खुर्ची नव्हती, पिशवी नव्हती. मी धावत पुढच्या खोलीत आले. तिथे फक्त आमचं टेबल, भिंतीला सरकवलेलं, आणि फरशीवर माझे ते दोन ओरखडे.

९

जिना मी कसा उतरले ते मला आठवत नाही. हमाल चित्र गाडीला बांधत होते. मी दोराला हात घातला आणि, परत वर न्या, म्हटलं.

डॉक्टर चांगले गृहस्थ आहेत, पण त्यांचाही तोल सुटला. “ताई, हा काय पोरखेळ आहे? तुम्हीच फोन केलात. साखळीही तुम्हीच दिलीत.”

“आम्हाला विकायचं नाही.”

“हे दादा म्हणताहेत?”

“हो.”

“मग त्यांना खाली येऊन सांगू द्या.”

रस्त्यावर लोक थांबायला लागले होते. फर्निचरवाला दारात येऊन उभा राहिला. मी काय बोलणार होते? मी डॉक्टरांना म्हटलं, तुमच्या दवाखान्यात रोज नवी माणसं येऊन बसतील, हो ना? त्या चित्रासमोर? ते म्हणाले, अर्थात, त्यासाठीच तर घेतोय. मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले. शेवटी त्यांनी हमालांना खूण केली. जाताना मला म्हणाले, की तुम्हा भावाबहिणींना नीट तपासून घ्यायला हवं. दादा कुठे आहेत, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी सांगितलं मात्र. बाहेर गेलेत, म्हटलं.

चित्र त्याच खिळ्याला लावलं. हमालांचे पैसे दिले. दार लावलं आणि त्या रिकाम्या खोलीत उभी राहिले.

संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. मी दादाच्या खोलीत बघितलं, गच्चीवर बघितलं, दुकानातल्या प्रत्येक फ्रेमेच्या मागे बघितलं, जणू तो लपाछपी खेळतोय. नंतर मी नातेवाइकांना फोन केले. प्रत्येकाला वाटलं, दादा माझ्यावर रागावून गेला. मामांनी तर मलाच सुनावलं की तू त्याच्या फार पाठी लागतेस.

मग एका सकाळी वेताची खुर्ची होती. मला आनंद व्हावा, इतकी मी वेडी झाले होते. मी तिला विचारलं, बाकीचे कुठे आहेत. ठिगळांची गादी आली. गोल स्टूल आलं. आणि काही मी पूर्वी न बघितलेलं, एक लांब बाक, काळा पडलेला, ऑफिसात असतो तसा, जो आमच्या जिन्याच्या वळणावरून वर येणंच शक्य नाही. त्यावर किती जण मावतील, याचा विचार मी करत नाही.

दादाची खुर्ची सगळ्यात शेवटी आली. पिशवी तिच्या पायाशी. दादा नव्हता, म्हणजे दिसत नव्हता. मी हात पुढे केला, पण पोचवला नाही. हाताला काहीच लागलं नसतं तर?

१०

आता खोलीत चालायला जागा नाही. ताट घेऊन मला भिंतीला घासत जावं लागतं. चित्रासमोरून मी जात नाही. दुकान बंद आहे. डॉक्टरांनी दुसरं चित्र घेतलं, फुलांचं, असं ऐकलं. बहीण असती तर तिने मला केव्हाच सांगितलं असतं की हे चित्र जाळून टाक. पण चित्र गेलं तर ही माणसं कुठे जाणार, आणि दादा त्यांच्यात आहे. जहाज कधी आलं तर काय, याचाही मी विचार करते. तेव्हा तरी तो मागे वळून सांगेल का मला, निघतो म्हणून? मला खात्री नाही. त्याने मला कधी काही सांगून केलेलं नाही.

काल दुपारी मला धुळीचं असह्य झालं. इतके दिवस त्या रांगांखाली कुणी हात घातला नव्हता. मी केरसुणी घेतली, पदर खोचला आणि त्यांच्यापुढे जाऊन म्हटलं, “जरा पाय वर घ्या सगळ्यांनी. केर काढायचाय.”

बोलल्यावर माझं मलाच हसू आलं. आणि मग वेताची खुर्ची करकरली. तिच्या शेजारची करकरली. स्टूल, मग बाक, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकामागून एक, अवघडल्या माणसांनी नाइलाजाने पाय उचलावेत तसा आवाज खोलीभर गेला.

मी वाकले. आता दुसरं काय करणार होते? खालून केर ओढत गेले, वर न बघता. शेवटी दादाच्या खुर्चीशी आले. ती तेवढी गप्प होती.

“दादा, पाय,” मी म्हटलं.

काही नाही.

“दादा, माझी कंबर मोडलीय. पाय घे वर.”

बऱ्याच वेळाने त्याची खुर्ची हलली, अगदी थोडी. मी पटकन तिथला केर काढून घेतला. मग केरसुणी हातात धरून तशीच वाकून राहिले, तो पाय खाली टेकवील म्हणून.